संबोरहून आणलेली

नॉमपेन्हच्या ओरुसे बाजाराच्या सिग्नलला फल्कुनने मोटरसायकल थांबवली आणि त्याला एकाएकी वाटलं, मागे कुणीच बसलेलं नाही. दवाखान्यातून निघताना त्याची बायको चाक्रिया नेहमीसारखी त्याच्या खांद्याला हात लावून मागे बसली होती, हे त्याला चांगलं आठवत होतं. पण ब्रेक दाबल्यावर मागच्या माणसाचा जो एक हलका धक्का पाठीला बसतो, आणि इतक्या वर्षांत ज्याच्याकडे लक्षही जाईनासं झालं होतं, तो धक्का आज बसला नाही. एकट्या माणसाची गाडी थांबावी तशी गाडी थांबली. बाजूच्या रिक्षात केळीचे घड भरलेले होते, एक बाई फोनवर कुणाला तरी शिव्या देत होती, ऊन होतं, सगळं जिथल्या तिथे होतं. आरशात बघायचा त्याला धीर होईना. त्याने डावा हात हळूच मागे नेला. हाताला गुडघा लागला. गार होता, पण होता. "काय झालं?" चाक्रियाने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, आणि दिवा हिरवा झाला तरी त्याचा हात तिच्या गुडघ्यावरच राहिला. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून त्याची अब्रू काढली तेव्हा कुठे तो हलला.

डॉक्टरीणबाईंनी तासाभरापूर्वीच सांगितलं होतं, रक्त चांगलं आहे, छाती चांगली आहे, डोक्याच्या फोटोतही काही नाही. चार घास जास्त खायला घाला, हवापालट करा. फल्कुनने मान डोलावली होती. मान डोलावणं त्याला छान जमायचं. बोलणंही जमायचं म्हणा, कारण बोलणं हा तर त्याचा धंदा होता. चिनी मालिकांमधले राजे, सेनापती, कपटी दिवाण पडद्यावर तोंड हलवायचे आणि नॉमपेन्हच्या एका थंडगार, बिनखिडकीच्या खोलीत उभा राहून फल्कुन त्यांच्या तोंडात ख्मेर भाषा घालायचा. राण्यांना त्याने हजार वेळा बोलावलं होतं. रागाने, लाडाने, मरता मरता. घरी आला की मात्र तो गप्प व्हायचा, आणि चाक्रियाही गप्पच असायची. लोक म्हणायचे, काय शांत जोडपं आहे! त्यालाही तसंच वाटायचं. खरं सांगायचं तर त्या शांततेचा त्याला अभिमानच होता.

म्हणूनच पहिले दोन महिने त्याच्या काही लक्षातही आलं नाही. एप्रिलमध्ये, नव्या वर्षाच्या सुट्टीत, सासुरवाडीचा सगळा गोतावळा एका टेम्पोत भरून संबोरच्या जंगलातली जुनी देवळं बघायला गेला होता. चटया, पातेली, बर्फाची पेटी, बिअर, ढोलकी, एक रडकं पोर. देवळं बघितली कमी आणि जेवले जास्त. चाक्रिया मात्र हात धुवून एकटीच एका पडक्या शिखराच्या आत गेली. आतून वर बघितलं की गोल आभाळ दिसतं म्हणे. वरून काहीतरी पडलं, वटवाघूळ की विटेचा तुकडा कुणास ठाऊक. ती किंचाळली, लगेच बाहेर आली, केसांत लाल धूळ, आणि हसत म्हणाली, "घाबरले बाई मी!" सगळे हसले. तोही हसला होता. तेव्हापासून ती हळूहळू ओसरत गेली असणार. आधी शिवणयंत्राचा आवाज बंद झाला. गिऱ्हाइकांचे पडदे अर्धे शिवून पडले. मग आमटीत मीठ नसायला लागलं. मग ती पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायला लागली, तास न् तास, आणि विचारलं की "बरी आहे" म्हणायला लागली. गावाहून सासूने फोनवर तिचा आवाज ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी एक जिवंत कोंबडी काखेत मारून म्हातारी दारात हजर झाली. दोन महिने एका छताखाली राहून नवऱ्याला जे कळलं नाही, ते हिला फोनवर कळलं. याची फल्कुनला लाज वाटली होती, आणि लाज वाटली म्हणून रागही आला होता.

त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर चाक्रिया आत जाऊन पडली. सासूने, जिला तोही माक म्हणजे आई म्हणायचा, कागदांची पिशवी न बघताच बाजूला ठेवली.

"डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे, माक."

"घर ठीक आहे म्हण. भिंती तपासल्या त्यांनी. घरात माणूस आहे का, ते कुणी बघितलं?"

गाडीवरचा तो न बसलेला धक्का त्याच्या पाठीत अजून तसाच होता.

"अरे, माणसात एकोणीस जीव असतात," म्हातारी सुपारी कातरत म्हणाली. "एखाददुसरा इकडेतिकडे भटकला तर माणूस विसरभोळा होतो, चालायचंच. हिच्यात मला एकसुद्धा धड दिसत नाही. सगळी संबोरलाच बसलीये पोरगी. तू जाऊन बोलावून आण."

"मी? तुम्ही आई. तुम्ही बोलवा ना."

"लहानपणी मीच बोलवायचे. तळ्यावर घाबरली, बोलावली. म्हैस मागे लागली, बोलावली. पण लग्नात मनगटाला मनगट लावून दोरा कुणी बांधून घेतला? मी? आता ती तुझ्याच हाकेला येणार. आणि तुला काय रे अवघड? तुझं तर पोटच हाका मारून भरतं!"

मग तिने रीत सांगितली. मासे धरायची वेताची टोपली न्यायची. तिच्यात भाताचा मुटका, उकडलेलं अंडं आणि चाक्रियाने अंगावर वापरलेला एक ब्लाउज. जिथे घाबरली तिथे उभं राहून बोलवायचं. सांगायचं की जंगल वाईट आहे, इथे काटे आहेत, घरी ये. घरी तुझं काय काय आहे, तुला काय आवडतं, ते एकेक नाव घेऊन सांगायचं. मग टोपलीने हवा उपसायची, मासा धरावा तशी, आणि वरून पंचा झाकायचा. तिथून घराच्या दारापर्यंत कुणाशी अक्षरही बोलायचं नाही. दारात उभं राहून विचारायचं, आली का? आतून माक म्हणेल, आली. मग दोरा बांधायचा. "गाठ बसली की बसली," म्हातारी म्हणाली. "मग ती कुठे जात नाही."

"आणि तिला काय आवडतं म्हणून सांगू?" फल्कुनने सहज विचारलं.

म्हातारीचा अडकित्ता थांबला. "ते पण मीच सांगू? नवरा कोण, तू का मी?"

सकाळच्या गाडीत टोपली मांडीवर घेऊन बसताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टुडिओतल्या कुणी बघितलं असतं तर वर्षभर चेष्टेला तोटा नव्हता. पण गाडीतल्या कुणी टोपलीकडे वळून बघितलं नाही. अशी टोपली घेऊन कुणी कुठे चाललंय, हे काय विचारायचं असतं! शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना पाण्यात उभी शेतं लागली, आणि तो मनातल्या मनात तयारी करायला लागला. तयारीशिवाय माइकसमोर उभं राहायची त्याला सवय नव्हती. चाक्रियाला काय आवडतं? आठ वर्षांचा संसार. त्याने डोळे मिटून घेतले. भात? भात सगळ्यांनाच आवडतो. त्याला ती कमळाच्या बिया सोलताना दिसली, एकेक बी सोलून बशीत टाकणारी. पण ती बशी त्याच्यापुढे होती, खाणारा तो होता. तिने स्वतः एक तरी बी तोंडात टाकली होती का? रंग? ती दुसऱ्यांचे पडदे शिवायची, ज्याला हवे त्या रंगाचे. बाजारात गेल्यावर तो लाडाने विचारायचा, ओन, तुला काय घ्यायचं? ती म्हणायची, मला काहीही चालतं. बाहेर जेवायला गेलं की, काहीही चालतं. कुठे जाऊ या? कुठेही चालेल. अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं तो मित्रांना सांगायचा. आता त्याला वाटलं, आठ वर्षं कुणीतरी दार लोटून आत येण्याची वाट बघत होतं आणि आपण दाराच्या रंगाची तारीफ करत राहिलो. मधेच एक गोष्ट आठवली आणि तो हुरळला, पावसात खिडकी उघडी ठेवून झोपायला आवडतं तिला! पण पुढच्याच क्षणी त्याला कळलं की ती चाक्रिया नव्हे. ती थावी.

थावी त्याची पहिली बायको. लग्नानंतर चौथ्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. तिची रक्षा वॅटमध्ये, बुद्धविहारात, ठेवून आल्यावर तो तीन वर्षं एकटा राहिला, मग मावशीने चाक्रियाला बघितलं आणि जमवून टाकलं. चाक्रियाने थावीबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, यालाही त्याने तिचा समजूतदारपणाच मानलं होतं. थावीचं सगळं कसं न विचारता जिभेवर येत होतं. तिचं भांडणं, बेसूर गाणं, कैरीला तिखटमीठ लावून डोळे मिटून खाणं, पंख्याच्या वाऱ्याचा तिला येणारा राग. त्याने ते निग्रहाने मागे सारलं आणि पुन्हा चाक्रियाला शोधायला लागला. शोधता शोधता गाव आलं.

संबोरच्या जंगलात पोचला तेव्हा ऊन झाडांच्या वरवर होतं आणि खाली हिरवट काळोख. सुट्टी नव्हती, त्यामुळे माणूस नाही. वाळूची वाट, तिच्यावर पडलेली ताटाएवढी वाळकी पानं, पाय ठेवला की मागे कुणी चालतंय असा आवाज. संबोर म्हणजे ईशानपूर, जुनी राजधानी, हे त्याने शाळेत पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरलाही होता. आता ते आठवलं ते वेगळंच. इथे बाजार भरत असेल, बायका भांडत असतील, संध्याकाळी पोरांना घरी बोलावत असतील. किती जण इथे घाबरले असतील, किती जणांचे जीव इथे निसटून पडले असतील. आणि मग ज्यांनी बोलवायचं तेच गेले. हजार-बाराशे वर्षं या गावात कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. विटांच्या शिखरांना मुळांनी आवळलं होतं. भिंतींवर विटांतच कोरलेले छोटे छोटे उडते महाल, आणि त्यांच्या खिडक्यांतून बाहेर बघणारी बोटभर माणसं. तोंडं झिजून सपाट झालेली. बघायला डोळे नव्हते, पण बघायची ढब होती. मागच्या वेळी इथे ढोलकी वाजत होती म्हणून हे कुणाला दिसलं नसावं.

वाटेवर एक लठ्ठशी बाई चुलीवर केळी भाजत बसली होती, शेजारी दोरीवर चौकड्यांचे पंचे टांगलेले. टोपली बघून ती म्हणाली, "कोण, बायको का?"

"हो, मिंग मावशी."

"बाई बरी असते. तरुण मुलगी असली की आयांचे हाल, ती यायलाच तयार नसते." ती स्वतःच हसली. "जा जा. कोणतं शिखर माहितीये ना? भलत्याच दारात उभं राहू नका."

ते शिखर त्याला लगेच सापडलं. आठकोनी, दारावर मुळं दोन्ही बाजूंनी पडद्यासारखी ओढलेली. आत पाऊल टाकलं आणि हवा बदलली. बाहेरचे किरकिरणारे किडे एकदम दूर गेले. ओलसर विटांचा, वटवाघळांचा वास. मध्ये एक चौथरा, त्यावर मूर्ती नाही, नुसती खाच. वर गोल आभाळ खरंच होतं. इथेच ती मान वर करून उभी राहिली होती. ती हे बघायला एकटी का आली होती? गोल आभाळ बघायला आवडतं, एवढं तरी त्याला म्हणता आलं असतं. पण ते त्याला तेव्हा सुचलं नाही. त्याने घसा साफ केला, टोपली पुढे धरली आणि बोलावलं.

"चाक्रिया! हे प्रिये, या घोर अरण्यातून परत फीर! तुझ्यावाचून माझं घर शून्य झालं आहे!"

आवाज उत्तम लागला होता. तो शिखरात वर चढला, फिरला आणि जरा उशिरानेच खाली आला, कुणीतरी ऐकून, विचार करून परत दिल्यासारखा. फल्कुनच्या अंगावर काटा आला. त्याने पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच. बाहेरून केळीवाली ओरडली, "अहो, टीव्हीतल्या राजासारखं काय बोलावताय? असं बोलावलं तर माझी कोंबडीसुद्धा येणार नाही! घरातलं बोला, घरातलं! ती काय खाते, कुठे झोपते, ते सांगा की!"

तो ओशाळला. खरोखर, हा कुणाचा आवाज? या आवाजाला बायको नव्हती. त्याने टोपली चौथऱ्यावर ठेवली, कपाळ विटांना टेकवलं. विटा आतून कोमट होत्या. आपला स्वतःचा आवाज कुठे ठेवला आहे ते त्याला आठवेना. मग तो हळूहळू, घोगरा, जरा बोबडाच, कुठून तरी खोलातून वर यायला लागला. शेवटचा तो त्याने कधी वापरला होता, कुणाच्या उशाशी बसून वापरला होता, हा विचार मनात यायच्या आत शब्द सुरू झालेसुद्धा. "ए, चल ना घरी. इथे काय बसलीयस? मुंग्या आहेत इथे. पाय सुजतील तुझे. मी चिंचेचा कोवळा पाला आणलाय, नदीचे बारके मासे आणलेत, आंबट आमटी करू. तुला हवी तेवढी आंबट कर, मी काही बोलणार नाही. कैरी आहे. तिखटमीठ कुटून ठेवलंय. पंखा बंद करतो. खिडकी उघडी ठेव, पाऊस आत आला तर येऊ दे, चटई भिजली तर भिजू दे. गा तुला गायचं तर. तू गेल्यापासून घरात कुणी भांडलं नाही गं. ये ना. फार दिवस झाले. मला करमत नाही." तो रडत होता. किती वर्षांनी, हे त्याचं त्यालाच ठाऊक. हे सगळं कुणाला उद्देशून चाललंय, ते बोलताना आपल्याला कळत होतं की नव्हतं, असं पुढे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं, आणि दर वेळी उत्तर यायच्या आधीच दुसरं काहीतरी काम काढलं.

शब्द संपले. या खेपेला आवाज परत आला नाही. वर गेला तो कुणीतरी ठेवून घेतला. बाहेरचे किडेही थांबले होते. त्या शांततेत त्याला स्पष्ट जाणवलं की शिखराच्या अंधाऱ्या बाजूला कुणीतरी बसलं होतं ते उभं राहिलं. आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागे, अगदी जवळ, पाठीला लागूनच, आणखी कुणीतरी हललं. दोन दिशांना दोन. त्याला वळून बघायचं भान राहिलं नाही. त्याने टोपली उचलली, डोळे गच्च मिटून हवा उपसली आणि पंचा झाकला. कोणत्या दिशेची हवा उपसली, ते त्याने बघितलं नाही.

बाहेर आला तेव्हा केळीवाली डोळ्यांना पंचा लावून बसली होती. "काय नशीबवान बाई आहे हो! असा बोलावणारा असला तर मी मेलेलीसुद्धा उठून येईन. आणि चिंचपाल्याच्या आमटीने मला पण भूक लागली की!" ती नाक ओढून हसली. त्याने मान डोलावली आणि वाट धरली. आता बोलायचं नव्हतं.

परतीच्या गाडीत ड्रायव्हरने त्याला मधल्या बाकावर खिडकीजवळ बसवलं. पुढच्या थांब्यावर दोन पिशव्या सांभाळत एक जाडजूड गृहस्थ चढले आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर बसायला लागले. "अहो पु काका, तिथे नको," ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "तिथे बाई बसलीये." त्या गृहस्थांनी टोपलीकडे बघितलं, रिकाम्या जागेला हात जोडले, आणि मागे जाऊन दाटीवाटीने बसले. कुणी हसलं नाही. गाडी निघाली. फल्कुन समोर बघत राहिला. वळणावर गाडी कलली आणि त्याच्या दंडाला ओझं लागलं. माणसाचं, ओळखीचं ओझं. त्याने श्वास घेतला. ब्लाउज चाक्रियाचा होता, त्याला साबणाचा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा वास यायला हवा होता. पण वास येत होता केसांना लावलेल्या नारळाच्या तेलाचा आणि कैरीच्या चिकाचा. संबोरला थावी कधी आलीच नव्हती. तिला तिथे जायची गरजच काय होती? इतकी वर्षं ती त्याच्याबरोबरच होती, आज तोच तिला तिथवर घेऊन गेला होता आणि तिथून परत घेऊन येत होता. त्याला भीती वाटली. मग भीतीच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं, आणि ते काय आहे हे ओळखायला त्याला जरा वेळ लागला, कारण ते त्याला फार दिवसांत झालं नव्हतं. त्याला आनंद झाला होता.

वाटेत स्कुनला गाडी थांबली. लोक उतरून पाय मोकळे करायला लागले. बायका तळलेल्या, आठ पायांच्या काळ्या कोळी-किड्यांची ताटं डोक्यावर घेऊन खिडक्यांशी आल्या. इथून उलट दिशेची, संबोरकडे परत जाणारी गाडी मिळाली असती. समोरच उभी होती, तिचा पोऱ्या "कंपोंग थोम, कंपोंग थोम" म्हणून गळा काढत होता. ऊन अजून होतं. जाऊन पुन्हा बोलावता आलं असतं. पण सांगणार काय? चाक्रियाला काय आवडतं ते त्याला सकाळी माहीत नव्हतं, दुपारीही माहीत नव्हतं. आणि गाडी बदलायची म्हणजे ड्रायव्हरशी बोलावं लागणार, सामानाचं विचारावं लागणार. आणि बोलायचं तर नव्हतं. न बोलण्याचा तो नियम त्याच्या चांगलाच पथ्यावर पडला. एका कोळीवालीने विचारलं, "घेता का, बोंग दादा? बाईंना आवडतील!" त्याने मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, ते कोळीवालीला कळलं नाही, त्यालाही कळलं नाही. उलट दिशेची गाडी भरली आणि निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्याकडे बघत होता, एवढं मात्र त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

घरी पोचला तेव्हा दिवे लागत होते. माकने जिन्यापासून फुलं टाकली होती. दार उघडं होतं; आत चटईवर चाक्रिया भिंतीला टेकून बसली होती, दुपारपासून तशीच बसवलेली असावी. तो उंबऱ्याबाहेर थांबला.

"आली का?" त्याने विचारलं.

"आली, आली," माक आतून म्हणाली. "ये गं माझी बाय. ये, आत ये."

त्याने आत येऊन टोपली चाक्रियाच्या मांडीवर ठेवली आणि पंचा काढला. आत भाताचा मुटका होता, अंडं होतं, ब्लाउज होता. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि त्या थोड्या वेळात त्याला मोकळंही वाटलं. मग चाक्रियाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर रक्त आलं. तिने खोलीभर नजर फिरवली, वर फिरणारा पंखा बघून कपाळाला आठी घातली, आणि मग त्याच्याकडे बघितलं. हात लांब करून तिने त्याच्या कानाच्या पाळीला टिचकी मारली. "एवढा उशीर?" ती म्हणाली. अशी टिचकी थावी मारायची. घरी यायला उशीर झाला की, दारातच. हे त्याने जगात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

माकने हंबरडाच फोडला. पोरीचे हात, तोंड, केस चाचपत ती रडत होती आणि हसत होती. "बोलली! बोलली की गं! मी आल्यापासून स्वतःहून एक शब्द बोलली नव्हती माझी पोर!" चाक्रियाने अंडं उचललं, पलंगाच्या कडेवर फोडलं आणि भुकेल्या माणसासारखं खायला लागली. बोटं चाटत तिने विचारलं, घरात आंबट काही नाही का? म्हातारी रडता रडता थांबली. तिने लेकीकडे बघितलं, जरा वेळ बघतच राहिली. मग दोऱ्याची गुंडी फल्कुनच्या हातात देताना तिने ती लगेच सोडली नाही.

"फल्कुन," ती हळूच म्हणाली. "तीच आहे ना रे?"

गाठ बसली की बसली, हे तिनेच सांगितलं होतं. अजून बसली नव्हती. अजून "नाही" म्हणता आलं असतं. म्हातारीने शिव्या दिल्या असत्या, रात्रभर रडली असती, आणि सकाळी त्याला पुन्हा पाठवलं असतं, या वेळी लेकीच्या आवडीनिवडी कानात घालून. आईला त्या माहीत असणारच होत्या. एवढंच तर करायचं होतं. चाक्रिया, किंवा जी कुणी होती ती, अंड्याचा बलक ओठांना लागलेला, त्याच्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती काही मागत नव्हती. थावी अशी कधीच नव्हती. ती मागायची, भांडून घ्यायची. या एका बाबतीत ती मेल्यावर शहाणी झाली असावी.

फल्कुनने घसा साफ केला. आतून आवाज आला तो स्टुडिओतला, भारदस्त, ज्याच्यावर देशभरातल्या बायका विश्वास ठेवायच्या तो.

"तीच आहे, माक. मी ओळखणार नाही का?"

म्हातारीने दोरा सोडला. त्याने चाक्रियाचं मनगट हातात घेतलं. मनगट ऊबदार होतं, नाडी जोरात होती. त्याने दोरा दोनदा गुंडाळला, गाठ मारली, आणि ती सुटू नये म्हणून तिच्यावर आणखी एक मारली. दुसरी गाठ आवळताना त्याला ते शिखर दिसलं, नको असताना, डोळ्यांसमोर धरल्यासारखं. गोल आभाळ आता जांभळं झालं असेल. केळीवाली चूल विझवून घरी गेली असेल. नवऱ्याची हाक आपल्याला येते आहे, हे चाक्रियाने ऐकलं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा तो रडत होता, आणि तो आपल्यासाठी रडतो आहे असं वाटून ती अंधारातून लगबगीने उठून उभी राहिली होती. मग तो घरी काय काय आहे ते सांगायला लागला. ती ऐकत राहिली. त्यात तिचं काहीच नव्हतं. तेव्हा ती परत खाली बसली.